एसओईमध्ये ब्रेकर आधी उघडला आणि ८६जी नंतर आला: घड्याळ चुकतंय की वायरिंग?

ठिणगी

नमस्कार मंडळी. कोळशावरचं २५० मेगावॉटचं युनिट, २२० केव्ही यार्ड. जनरेटर डिफरेन्शियलवर युनिट ट्रिप झालं. तीन ठिकाणच्या नोंदी अशा आहेत (तास-मिनिटं सारखी, फक्त सेकंद देतो):

रिलेचा डीआर (डिस्टर्बन्स रेकॉर्डर): ८७जी (जनरेटर डिफरेन्शियल, म्हणजे जनरेटरच्या आतला फॉल्ट ओळखणारा रिले) ट्रिप १२.४००, ८६जी (ब्रेकरला उघडायचा हुकूम देणारा लॉकआउट रिले) १२.४१०, २२० केव्ही ब्रेकर ओपन १२.४४०.
डीसीएसची (प्लांटची मुख्य नियंत्रण यंत्रणा) एसओई यादी (घटनांचा मिलिसेकंदांपर्यंतचा क्रम): ब्रेकर ओपन १२.४४४, ८६जी ऑपरेटेड १२.४५०.
यार्डचं एसएएस (सबस्टेशन ऑटोमेशन): तोच ब्रेकर ओपन ३०.४४१.

डीसीएसप्रमाणे लॉकआउट रिले येण्याआधीच ब्रेकर उघडला, आणि यार्ड सगळ्यांच्या १८ सेकंद पुढे. रिलेला युनिटच्या जीपीएस घड्याळावरून इरिग-बी (तारेवरून जाणारा वेळेचा सिग्नल) जातं. डीसीएसचे सर्व्हर त्याच घड्याळावरून एनटीपी (नेटवर्कवरून वेळ) घेतात आणि एसओई कार्डांना वेगळा सिंक पल्स आहे. यार्डचं घड्याळ स्वतंत्र आहे, अलीकडेच बदललेलं. तिन्हीकडे सिंकचा दिवा हिरवा आहे. डीआर आणि ईएल (इव्हेंट लॉगर) २४ तासांत आरएलडीसीला (प्रादेशिक भार प्रेषण केंद्र) पाठवायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

लॉकआउट८६

हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र करू नका. १८ सेकंदांचा प्रश्न घड्याळाचा आहे. क्रम उलटण्याचा प्रश्न घड्याळाचा नाही.

डीसीएसच्या यादीत ब्रेकर १२.४४४ ला आहे, रिलेत १२.४४० ला. एकाच घटनेला फक्त ४ मिलिसेकंदांचा फरक, म्हणजे दोन्ही घड्याळं जुळलेली आहेत. ८६जीला मात्र ४० मिलिसेकंदांचा फरक आहे. घड्याळ सरकलं असतं तर दोन्ही घटना सारख्याच सरकल्या असत्या. एकच घटना उशिरा दिसते, तेव्हा तो उशीर कॉन्टॅक्टपासून कार्डापर्यंतच्या वाटेत असतो.

स्कीमॅटिक उघडून दोन्ही पॉइंट टर्मिनल ते टर्मिनल बघा. ८६जीचा स्वतःचा कॉन्टॅक्ट थेट कार्डावर येतो की मध्ये मल्टिप्लिकेशन रिले आहे? कार्डावर दोन्ही चॅनेलचा फिल्टर (सिग्नल किती वेळ टिकला की खरा धरायचा) किती ठेवलाय?

ठिणगी

बघितलं. ८६जीचे कॉन्टॅक्ट कमी पडले म्हणून पॅनेलमध्ये एक कॉन्टॅक्ट मल्टिप्लिकेशन रिले आहे आणि एसओईला जाणारा कॉन्टॅक्ट त्याचा आहे. फिल्टर प्रोटेक्शन ग्रुपला २० मिलिसेकंद, स्विचगियर ग्रुपला ४. ब्रेकरचा ५२बी (ब्रेकर उघडल्यावर जुळणारा सहायक कॉन्टॅक्ट) थेट कार्डावर आहे.

लॉकआउट८६

मग हिशेब जुळला.

८६जी खरा आला १२.४१० ला. मल्टिप्लिकेशन रिलेचा पिकअप साधारण २० मिलिसेकंद, म्हणजे कार्डावर व्होल्टेज पोचलं १२.४३० ला. २० चा फिल्टर संपल्यावर स्टॅम्प लागला १२.४५०. ब्रेकर खरा उघडला १२.४४० ला, ४ चा फिल्टर, स्टॅम्प १२.४४४. कार्ड १ मिलिसेकंद रिझोल्यूशनचं आहे आणि ते आपलं काम चोख करतंय. त्याच्यापर्यंत बातमीच उशिरा पोचते.

करायचं काय, तर:

१. ट्रिपच्या साखळीत येणाऱ्या सगळ्या पॉइंटांना (८६, ८७, एमएफटी म्हणजे बॉयलरची इंधन ट्रिप, टर्बाइन ट्रिप, ब्रेकर, फील्ड ब्रेकर) मूळ रिलेचाच कॉन्टॅक्ट द्या. कॉन्टॅक्ट शिल्लक नसेल तर मल्टिप्लिकेशन रिले अलार्म आणि अनन्सिएटरकडे वळवा, तिथे २० मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. मूळ कॉन्टॅक्ट एसओईला.

२. एका साखळीतल्या सगळ्या पॉइंटांना एकच फिल्टर. ४ असेल तर सगळ्यांना ४.

३. कार्डाच्या मॅन्युअलमध्ये स्टॅम्प कधी लागतो ते शोधा. चांगली कार्डं पहिल्या एजची वेळ धरून ठेवतात, फिल्टरचा काळ फक्त खात्रीसाठी वापरतात आणि खात्री पटली की मागची वेळ नोंदवतात. काही कार्डं फिल्टर संपल्यावरची वेळ लावतात. तुमचं दुसऱ्या प्रकारचं दिसतंय. अशा कार्डात फिल्टर बदलला की स्टॅम्पही बदलतो, हे डेटाबेसच्या शेऱ्यात लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या ओव्हरहॉलला कोणीतरी चॅटर (कॉन्टॅक्टची फडफड) थांबवायला फिल्टर वाढवेल आणि क्रम परत उलटेल.

मापनवेडी

१८ सेकंदांबद्दल लिहिते. हा आकडा ओळखीचा आहे. जीपीएसची स्वतःची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे. जीपीएस ६ जानेवारी १९८० पासून लीप सेकंद न घालता चालतं, आणि शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीला घातला गेला, तेव्हापासून फरक १८ वर आहे. तुमचं नवं घड्याळ यूटीसीऐवजी जीपीएस वेळ बाहेर काढतंय. मेन्यूत टाइमस्केलचा पर्याय असतो, तो यूटीसीवर आणा. उपग्रह नीट दिसत असल्यामुळे लॉकचा दिवा हिरवाच राहणार.

थंड अवस्थेतून सुरू केलेल्या रिसीव्हरला यूटीसीची दुरुस्ती उपग्रहाच्या संदेशातून मिळायला १२.५ मिनिटांपर्यंत लागू शकतात, कारण पूर्ण संदेश तेवढ्या वेळात एकदा फिरतो. तेवढा वेळ जाऊनही १८ कायम असेल तर सेटिंगच.

फरकाचा आकडा पाहिला की कारण बहुतेक वेळा तिथेच कळतं, म्हणून हे जपून ठेवा:

१ किंवा २ सेकंद: रिसीव्हरच्या फर्मवेअरमध्ये लीप सेकंदांचा जुना आकडा अडकलाय.
१८ सेकंद: जीपीएस वेळ आणि यूटीसी.
३७ सेकंद: पीटीपी (नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवणारा प्रोटोकॉल) टीएआयवर (लीप सेकंद नसलेल्या अणुवेळेवर) चालतं, क्लायंटने यूटीसी ऑफसेट वजा केलेला नाही.
३० मिनिटं: ऑफसेटमधला अर्ध्या तासाचा बिट वाचला जात नाही. आपला ५:३० असल्याने हा दोष भारतात उघडा पडतो, पूर्ण तासांच्या देशांत लपून राहतो.
५ तास ३० मिनिटं: एक बाजू यूटीसी, एक भारतीय वेळ. एनटीपीवर नेहमी यूटीसीच जायला हवं. घड्याळात स्थानिक वेळ लावून तीच एनटीपीवर सोडली की सर्व्हर वरून आणखी साडेपाच तास मिळवतो.
११ तास: ऑफसेटचं चिन्ह उलटं. इरिग-बीच्या वाढीव बिटांत आयईईई १३४४ आणि सी३७.११८ यांची चिन्हाची पद्धत एकमेकांच्या उलट आहे. घड्याळात एक आणि रिलेत दुसरी निवडली की वजा करायच्या जागी मिळवलं जातं.
१०२४ आठवडे, म्हणजे सुमारे १९ वर्षं ७ महिने मागे: जीपीएसचा आठवड्याचा आकडा १० बिटांचा आहे, तो भरला की शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री यूटीसीप्रमाणे झालं. पुढचं २०३८ मध्ये. पण जुन्या रिसीव्हरांच्या फर्मवेअरमध्ये स्वतःची वेगळी आधारतारीख असते, त्यामुळे ते मधल्याच एखाद्या दिवशी मागे उडी मारू शकतात.
फक्त वर्ष चुकीचं, बाकी सगळं अचूक: मूळ इरिग-बीत वर्ष नसतं, दिवसाचा क्रमांक असतो. वर्ष रिलेच्या आतल्या घड्याळातून येतं आणि त्याची बॅटरी संपलेली आहे.

आणि आकडा असा ठरावीक नसेल, रोज थोडा थोडा वाढत असेल, तर सिंक होतच नाहीये.

तारतंत्री

मापनवेडीताई, ही यादी प्रत्येक रिले रूममध्ये लावण्यासारखी आहे.

हिरव्या दिव्याबद्दल थोडं. बहुतेक रिलेत तो दिवा इतकंच सांगतो की इरिग-बीची चौकट वाचता आली. इरिग-बीत सेकंदाला १०० पल्स: २ मिलिसेकंदांचा पल्स म्हणजे शून्य, ५ चा म्हणजे एक, ८ चा म्हणजे खूण. लागोपाठ दोन ८ चे पल्स आले की दुसऱ्याच्या चढत्या एजला सेकंद सुरू. चौकट बरोबर असली तरी आतली वेळ चुकीची असू शकते. घड्याळाला उपग्रह दिसत नसले तरी ते आपल्या क्रिस्टलवर चौकटी पाठवतच राहतं. वाढीव बिटांत वेळेचा दर्जा असतो, पण रिलेत तो वाचायचं सेटिंग चालू केलेलं असेल तरच उपयोग.

उपग्रह गेल्यावर घड्याळ किती टिकतं ते आतल्या ऑसिलेटरवर अवलंबून. १ पीपीएमचा (दहा लाखांत एक भाग) टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई असलेला क्रिस्टल) असेल तर दिवसाला ८६ मिलिसेकंद सरकू शकतो, म्हणजे १ मिलिसेकंदाची मर्यादा पंधरा-वीस मिनिटांत संपते. ०.०१ पीपीएमचा ओसीएक्सओ (तापवून स्थिर ठेवलेला क्रिस्टल) दिवसाला एक मिलिसेकंदाच्या आत राहतो. टेंडरमध्ये होल्डओव्हरचा (उपग्रहाविना टिकण्याचा) आकडा आणि ऑसिलेटरचा प्रकार, दोन्ही लिहा.

घड्याळाच्या मागे लॉक गेल्याचा एक कॉन्टॅक्ट असतो. तो कित्येक ठिकाणी मोकळाच राहतो. तो एसओईच्याच एका डीआयवर (डिजिटल इनपुट) आणा आणि ऑपरेटरला अलार्म द्या. मग यादी वाचताना कळतं की ट्रिपच्या वेळी घड्याळ लॉकमध्ये होतं का.

वायरिंगच्या चुका ठरलेल्या आहेत. एकाच टीटीएल आउटपुटवर इतके रिले लटकवलेले असतात की ५ व्होल्टचे ३ उरतात, आणि शेवटचे एक-दोन रिले अधूनमधून सिंक सोडतात. प्रत्येक रिलेचा इनपुट करंट मॅन्युअलमधून घ्या, बेरीज करा, आउटपुटच्या क्षमतेशी ताडा. रिले सगळे जोडलेले असताना सर्वांत लांबच्या टर्मिनलवर स्कोपने व्होल्टेज बघा. मॉड्युलेटेड सिग्नल डीसी लेव्हलच्या इनपुटला चालत नाही आणि उलटही नाही. शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. दुसऱ्या इमारतीत न्यायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर वापरा, यार्डमध्ये फॉल्टच्या वेळी अर्थ पोटेन्शियल वर उचललं जातं तेव्हा तांब्याची तार नेमकी हवी त्या क्षणी दगा देते.

केबलच्या लांबीचा उशीर मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद. १०० मीटरला अर्धा मायक्रोसेकंद. एसओईसाठी त्याची काळजी करू नका, पीएमयू (फेजर मोजणारं यंत्र) असेल तर भरपाईचा आकडा घाला.

सह्याद्रीवारा

अँटेनाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

चारी बाजूंना आकाश मोकळं हवं, पण गच्चीवरची सर्वांत उंच वस्तू अँटेना नको. ती वीजरोधक दांड्याच्या संरक्षण कोनात बसवा. केबल इमारतीत शिरते तिथे सर्ज अरेस्टर, आणि त्याची अर्थची तार शक्य तितकी आखूड. १.५ गिगाहर्ट्झच्या आसपास पातळ आरजी-५८ मीटरला अर्ध्या डीबीपेक्षा जास्त सिग्नल खाते, म्हणून ५०-६० मीटरच्या धावेला ती चालत नाही. एलएमआर-४०० वर्गाची जाड केबल १०० मीटरला साधारण १७ डीबी घेते. अँटेनाच्या अँप्लिफायरचा गेन वजा केबल आणि अरेस्टरचा लॉस, उरलेला आकडा रिसीव्हरच्या मर्यादेत बसतो का ते आधीच काढा.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पहिला दोष अँटेनाच्या कनेक्टरमध्ये पाणी. कनेक्टरवर सेल्फ-अमालगमेटिंग टेप, त्यावर उन्हासाठी साधी काळी टेप, आणि केबलला खाली लोंबता लूप, म्हणजे पाणी लूपवरून ठिबकून जातं. पाणी शिरलं की उपग्रहांची संख्या पावसात घटते आणि ऊन पडलं की परत वाढते. असा आलेख दिसला तर रिसीव्हर बदलू नका, आधी कनेक्टर उघडा.

मुख्य आणि राखीव अशी दोन घड्याळं असतील तर दोन अँटेना वेगळ्या खांबांवर आणि वेगळ्या वाटेच्या केबलने. एकाच नळीतून दोन्ही केबल नेल्या तर उंदीर दोन्ही कुरतडतो.

ठिणगी

यार्डच्या घड्याळात टाइमस्केल खरंच जीपीएसवर होता. बदलल्यावर फरक गेला. आता सगळं सिंकमध्ये आहे हे सिद्ध कसं करायचं? स्क्रीनवरची घड्याळं शेजारी ठेवून बघणं पुरेसं वाटत नाही.

मापनवेडी

ते पुरेसं नाहीच. स्क्रीनवरचं घड्याळ ऑपरेटर स्टेशनच्या विंडोजचं असतं, कार्डाचं नव्हे. पुरावा एकाच प्रकारे मिळतो: एकच घटना सगळ्या रेकॉर्डरांना एकाच क्षणी द्या आणि स्टॅम्प ताडा.

जीपीएस घड्याळात प्रोग्रामेबल पल्स आउटपुट असतं. ते रोज एकदा, ठरलेल्या तासाच्या ००:००.००० ला, १ सेकंदासाठी क्लोज होईल असं लावा. आउटपुट सॉलिड-स्टेट हवं. यांत्रिक रिलेचा असेल तर त्याचे ५ ते १० मिलिसेकंद सगळीकडे सारखे जमा होतात, तुलना बिघडत नाही, पण निरपेक्ष वेळ बिघडते.

हा पल्स प्रत्येक एसओई कॅबिनेटच्या एका मोकळ्या डीआयवर, रिले पॅनेलमागे एका रिलेच्या मोकळ्या इनपुटवर आणि यार्डच्या बे कंट्रोल युनिटवर न्या. एक सावधगिरी: डीसी-१ आणि डीसी-२ या दोन बॅटऱ्यांचे इनपुट एकाच कॉन्टॅक्टवर एकत्र करू नका. दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातात आणि अर्थ फॉल्टचा शोध अशक्य होतो. प्रत्येक डीसी स्रोताला स्वतंत्र ऑप्टो-आयसोलेटेड आउटपुट द्या.

मग रोजच्या यादीतून त्या एका मिनिटाच्या ओळी वेगळ्या काढा. एका कॅबिनेटच्या दोन कार्डांत १ मिलिसेकंदापेक्षा जास्त फरक नको. दोन कॅबिनेटांत २ पर्यंत. रिलेच्या बाबतीत थोडं सैल धरा: बरेच रिले आपलं लॉजिक सायकलच्या चौथ्या भागात एकदा चालवतात, म्हणजे ५० हर्ट्झला दर ५ मिलिसेकंदांनी, आणि बायनरी इनपुटचा स्टॅम्प त्या पायरीवर पडू शकतो. अशा रिलेत ३ मिलिसेकंदांचा फरक हा दोष नाही.

जो पॉइंट रोज एकाच आकड्याने मागे असतो त्याचा फिल्टर तपासा. जो हळूहळू सरकतो त्याचा सिंक गेलाय. जो एखाद्या दिवशी उडी मारतो त्याच्या मागचं घड्याळ किंवा नेटवर्क बघा. पल्सची ओळच न आलेला दिवसही नोंदवा.

लॉकआउट८६

+१. यात भर: मॉडबस किंवा ओपीसीवरून येणारे पॉइंट (राख हाताळणी, कोळसा हाताळणी, डीएम प्लांटचे पीएलसी) एसओई यादीत मिसळू देऊ नका. त्यांचा स्टॅम्प डीसीएसने पोल केलं त्या क्षणाचा असतो. पोलिंग एक सेकंदाचं असेल तर एक सेकंदापर्यंत उशीर. कंट्रोलरच्या साध्या डीआय कार्डाचंही तसंच, स्टॅम्प कंट्रोलर स्कॅनचा असतो, १०० किंवा २५० मिलिसेकंद. यादीत या पॉइंटांना वेगळी खूण करा, नाहीतर मिलिसेकंदाचे तीन आकडे छापलेले बघून वाचणारा फसतो.

गेटवेचंही बघा. बे युनिटने ६१८५० वर (सबस्टेशनच्या आतला प्रोटोकॉल) पाठवलेला मूळ स्टॅम्प पुढे १०४ प्रोटोकॉलवर (नियंत्रण केंद्राकडे जाणारा) तसाच जायला हवा. काही गेटवे स्वतःकडे आल्याची वेळ लावतात. स्टॅम्पसोबत दर्जाचे बिट असतात, ६१८५० मध्ये घड्याळ सिंकमध्ये नसल्याचा, १०४ मध्ये वेळ अवैध असल्याचा. ते टाकून देणारं कॉन्फिगरेशन स्वीकारू नका.

तारतंत्री

ट्रिपच्या आधी एकाच मिलिसेकंदाला एकमेकांशी संबंध नसलेले दहा-बारा इनपुट आले आणि लगेच गेले, असं दिसलं तर ते सिंकशी संबंधित नाही. तो २२० व्होल्ट डीसीचा अर्थ फॉल्ट असू शकतो. बॅटरी तरंगती असते, दोन्ही ध्रुव जमिनीपासून साधारण ११० व्होल्टवर. कुठेतरी अर्थ झाला की लांब केबलांची जमिनीशी असलेली कपॅसिटन्स इनपुटमधून क्षणभर रिकामी होते. इनपुटचा थ्रेशोल्ड ११० च्या आसपास किंवा खाली असेल तर तो उचलला जातो. थ्रेशोल्ड ७० टक्क्यांजवळ, म्हणजे १५४ व्होल्टच्या आसपास निवडा, आणि ५०० मीटरच्या वरच्या केबलांना इनपुटचा बर्डन (इनपुट खेचतो तो करंट) वाढवता येतो का बघा.

चॅटरसाठी फिल्टर वाढवण्याऐवजी चॅटर ब्लॉक वापरा: ठरावीक काळात ठरावीक बदलांपेक्षा जास्त झाले की तो एकच चॅनेल बंद होतो आणि तशी ओळ पडते. नाहीतर एक सैल लिमिट स्विच सगळा बफर भरून टाकतो आणि ट्रिपच्या ओळी त्यात वाहून जातात.

नवीनकोर

सगळीकडे पीटीपी केलं तर हे प्रश्न सुटतील का?

मापनवेडी

वेळ पोचवण्याचे सुटतात, फिल्टर आणि मधल्या रिलेचे सुटत नाहीत.

गरज किती आहे ते आधी बघा. ५० हर्ट्झला १ मिलिसेकंद म्हणजे १८ अंश. घटनांचा क्रम लावायला हे चालतं, फेजर मोजायला मुळीच नाही. पीएमयूच्या १ टक्का एकूण त्रुटीत सगळी चूक वेळेचीच धरली तर ३१.८ मायक्रोसेकंद होतात, म्हणून तिथे प्रत्यक्षात १ मायक्रोसेकंद लागतो. प्रोसेस बसवरच्या सॅम्पल्ड व्हॅल्यूजनाही तेवढाच. एसओईला डीसी लेव्हलचं इरिग-बी भरपूर आहे. एनटीपी चांगल्या लॅनवर १ ते १० मिलिसेकंद देतं, ते सर्व्हरला ठीक, एसओई कार्डाला नाही.

पीटीपी घ्यायचंच तर ६१८५०-९-३ ची प्रोफाइल धरा. वाटेतला प्रत्येक स्विच पीटीपी समजणारा हवा. त्या प्रोफाइलमध्ये ट्रान्सपरंट क्लॉकला ५० नॅनोसेकंद, बाउंडरी क्लॉकला २०० आणि ग्रँडमास्टरला (मूळ घड्याळाला) २५० इतकीच चूक माफ आहे. मध्ये एक साधा स्विच घुसला की त्याच्या रांगेचा उशीर मोजलाच जात नाही. डोमेन क्रमांक सगळीकडे एक ठेवा, आणि दोन ग्रँडमास्टरांची प्रायॉरिटी वेगळी ठेवून एकाची अँटेना काढून बदली होते का ते कमिशनिंगलाच बघा.

ठिणगी

शेवटचा प्रश्न. आरएलडीसीला जी यादी जाणार आहे तिच्यात ८६जीची वेळ आणि यार्डचे १८ सेकंद दुरुस्त करून पाठवू का?

लॉकआउट८६

मूळ यादीतला एकही आकडा बदलू नका. फाइल रेकॉर्डरमधून निघाली तशीच द्या, डीआर कॉमट्रेडमध्ये (नोंदींचा प्रमाणित फाइल फॉरमॅट). सोबत वेगळ्या पानावर दुरुस्तीचा तक्ता: पॉइंटचं नाव, नोंदलेली वेळ, ज्ञात उशीर, कारण, दुरुस्त वेळ. यार्डच्या सगळ्या वेळा १८.००० सेकंद पुढे, कारण टाइमस्केल. ८६जी ४० मिलिसेकंद उशिरा: मधला रिले २०, फिल्टर २०. ब्रेकर ४ उशिरा, फिल्टर. पाठवण्याआधी मल्टिप्लिकेशन रिलेचे ते २० टेस्ट किटने मोजून घ्या, अंदाजावर ठेवू नका.

समोरचा माणूस तुमची यादी दुसऱ्या टोकाच्या सबस्टेशनच्या यादीशी जुळवत असतो. त्याला मूळ आकडे आणि उशीर दोन्ही लागतात. १४ ऑगस्ट २००३ च्या अमेरिका-कॅनडा ब्लॅकआउटनंतर तपासकर्त्यांचा मोठा वेळ न जुळणाऱ्या घड्याळांच्या नोंदी एका रांगेत लावण्यात गेला, आणि सिंक केलेले रेकॉर्डर सक्तीचे करा ही शिफारस त्यातून आली. तिथल्या पीआरसी-००२ मानकात यूटीसीच्या ±२ मिलिसेकंदांत राहण्याची अट आहे. आपल्याकडेही ३० आणि ३१ जुलै २०१२ च्या ग्रिड फॉल्टनंतर रेकॉर्डरांच्या सिंकचा मुद्दा चौकशीत आलाच. २२० केव्ही आणि वरच्या जोडणीला हे रेकॉर्डर आणि सामाईक वेळ, दोन्ही आपल्या नियमांत आहेत.

ठिणगी

मल्टिप्लिकेशन रिले किटवर मोजला. पिकअप १९ मिलिसेकंद. तक्त्यात तोच आकडा घातलाय, उरलेला १ कार्डाच्या रिझोल्यूशनचा. मोकळे डीआय प्रत्येक कॅबिनेटमध्ये एकेक सापडले, पल्ससाठी तारा ओढायला पुढच्या शटडाउनची वाट बघावी लागेल.

मापनवेडी

यार्ड आणि युनिट यांची तुलना करायला शटडाउन लागत नाही, तिथून सुरू करा. १८ सेकंदांचा फरक या दोघांतच होता. मात्र पल्स एकाच घड्याळाचा दोन्हीकडे न्या. यार्डच्या घड्याळाचा पल्स यार्डला आणि युनिटचा युनिटला दिलात तर दोन्ही ००:००.००० दाखवतील आणि काहीच तपासलं जाणार नाही. युनिटच्या घड्याळाचा पल्स फायबर कन्व्हर्टरने यार्डमध्ये न्या, आणि कन्व्हर्टरचा स्वतःचा उशीर आधी टेबलावर मोजा.